दात काढायच्या आधी हाडाचं बघा: पुढे इम्प्लांट करायचं असेल तर काय काय सांभाळायचं

दात काढायचा ठरला की सगळं लक्ष दुखण्याकडे असतं, आणि ते साहजिकच आहे, रात्र रात्र ठणकलेलं असतं, गाल सुजलेला असतो, माणूस म्हणतो एकदाचा काढून टाका बघू. पण पुढेमागे तिथे इम्प्लांट (म्हणजे हाडात बसवलेला स्क्रू आणि त्यावर कृत्रिम दात) बसवायचा विचार थोडासा जरी मनात असेल तरी इंजेक्शन घ्यायच्या आधी एक प्रश्न विचारायचाच, "डॉक्टर, हाडाचं काय करायचं?" हा प्रश्न आधी विचारला तर बऱ्याचदा त्याच बैठकीत थोडं जादा काम करून भागतं, आणि वर्षभराने विचारला तर कधीकधी हाड वाढवायचं एक वेगळं ऑपरेशन मागे लागतं. मी दातांची डॉक्टर आहे. दुखणाऱ्या पेशंटला खुर्चीत हे सगळं समजावून सांगायला वेळ पुरत नाही आणि त्याचं ऐकण्याकडे लक्षही नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

दात गेला की हाड का झिजतं

जबड्याच्या हाडाचा जो भाग दाताच्या मुळांना धरून असतो तो दातासाठीच तयार झालेला असतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा एक थर असतो, त्यातून खोबणीच्या (म्हणजे दाताचं मूळ बसतं त्या खड्ड्याच्या) आतल्या हाडाला रक्त मिळतं आणि चावताना पडणारा दाबही त्यातूनच हाडाला पोचतो. दात निघाला की तो थर जातो, दाब जातो, आणि शरीर ते हाड हळूहळू विरघळवायला लागतं. यात कुणाची चूक नसते, दात कितीही छान काढला तरी हे होतंच.

सगळ्यात जास्त फटका बसतो बाहेरच्या भिंतीला, म्हणजे ओठाच्या किंवा गालाच्या बाजूच्या. वरच्या पुढच्या दातांपाशी ही भिंत बहुतेकांची एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. कधीकधी दात बाहेर आल्यावर मुळाला चिकटून पांढरट पापुद्र्यासारखा हाडाचा तुकडा दिसतो, ती हीच भिंत, आणि ती गेली की तिथली हिरडी आत बसणार हे तेव्हाच कळतं.

आकडे सांगते म्हणजे अंदाज येईल. बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर दात काढल्यावर सहा महिन्यांत हाडाची रुंदी सरासरी पावणेचार मिलिमीटरच्या आसपास कमी होते आणि उंची साधारण सव्वा मिलिमीटर. दाढांच्या भागात केलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात वर्षभरात रुंदी जवळपास निम्मी झाली होती आणि त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. आता इम्प्लांटचा हिशोब बघा. साधा ४ मिलिमीटरचा स्क्रू धरला तर त्याच्या बाहेरच्या बाजूला दीड ते दोन मिलिमीटर आणि आतल्या बाजूला किमान एक मिलिमीटर हाड हवं, म्हणजे साडेसहा-सात मिलिमीटर रुंदी लागते. ८ मिलिमीटरच्या हाडातून पावणेचार गेले की काय उरतं ते तुम्हीच बघा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण जाहिरातींत ती नीट सांगत नाहीत. दात काढल्यावर खोबणीत हाड टिकवणारे दाणे (यालाच ग्राफ्ट म्हणतात) भरून घेतले म्हणजे झीज शून्य होते असं नाही. झीज कमी होते, सरासरी दीड-दोन मिलिमीटर रुंदी वाचते. ऐकायला किरकोळ वाटतं पण स्क्रू सरळ बसणार की नाही ते या दीड-दोन मिलिमीटरवरच ठरतं.

पायरी पहिली: काढायच्या आधीची तयारी

आधी एक्स-रे. एका दातासाठी छोटा एक्स-रे पुरतो, पण इम्प्लांटचा विचार असेल आणि वरचा पुढचा दात असेल, किंवा वरची दाढ सायनसला (वरच्या जबड्यातल्या हवेच्या पोकळीला) चिकटलेली असेल, किंवा खालची दाढ नसेजवळ असेल, तर सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) काढून घ्यावा. साध्या एक्स-रेत हाडाची जाडी दिसतच नाही, फक्त उंची आणि लांबी दिसते. स्कॅनची फाइल पेनड्राइव्हवर किंवा मोबाइलवर घेऊन स्वतःकडे ठेवा, उद्या गाव बदललं, डॉक्टर बदलले तरी उपयोगी पडते.

मग औषधं. इथे लोक फार अर्धवट सांगतात. बीपी-शुगर सांगतात पण हाडं ठिसूळ झाली म्हणून चालू असलेल्या गोळ्या सांगायच्या राहतात, कारण त्यांना वाटतं याचा दाताशी काय संबंध. संबंध फार जवळचा आहे. अ‍ॅलेंड्रोनेटसारखी आठवड्याची गोळी, झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं वर्षाचं सलाइन, डेनोसुमॅबचं सहा महिन्यांचं इंजेक्शन, यातलं काहीही चालू असेल किंवा पूर्वी घेतलं असेल तर दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरता तसंच उघडं राहायचा धोका असतो. कॅन्सरसाठी हीच औषधं जास्त प्रमाणात दिलेली असतील तर धोका बराच वाढतो. मान-जबड्याच्या भागाला रेडिएशन दिलेलं असेल तर तेही आधी सांगायचंच. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर सरळ गोळ्यांचा डबा आणि जुन्या फाइली पिशवीत घालून न्या, तोंडी सांगण्यावर विसंबू नका.

रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल चालू ठेवूनही दात काढता येतो, बाकीच्या गोळ्यांचं काय करायचं ते हार्टचे डॉक्टर आणि दातांचे डॉक्टर मिळून ठरवतील. शुगर असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी टेस्ट करून घ्या. ती ७ च्या आसपास असेल तर बरं, ८ च्या वर असेल तर बरेच डॉक्टर ग्राफ्ट पुढे ढकलतात, आणि ढकलावंच. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर न विचारता सांगा.

तंबाखूचं मात्र जरा थांबून सांगते. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या मावश्या मला सांगतात, "नाही हो, तंबाखूला हात लावत नाही, नुसती मिश्री लावते." मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, आणि ती थेट हिरडीवर चोळली जाते, म्हणजे जिथे ग्राफ्ट टाकणार नेमक्या त्याच जागेवर. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं, हिरडी बंद होत नाही, आणि भरलेलं साहित्य बाहेर येतं. सिगरेट, बिडी, मावा, खैनी, सगळ्याला हेच लागू. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे तरी खाणारे खातातच, आणि त्यांची अजून एक अडचण म्हणजे तोंड उघडत नाही. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा, जात नसतील तर आधी तो विषय घ्यावा लागेल, कारण इम्प्लांटचं ड्रिल दाढेपर्यंत पोचायलाच जागा नसते. निदान आठवडाभर आधी बंद आणि नंतर दोन महिने बंद, एवढं जमणार नसेल तर ग्राफ्टवर पैसे घालायच्या आधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. चिडणार नाहीत, उलट त्यांना प्लॅन नीट करता येईल.

पायरी दुसरी: खोबणीत काय भरणार ते विचारून घ्या

ग्राफ्ट म्हणजे पावडरीसारखे बारीक दाणे, साधारण पाव ते एक मिलिमीटरचे, छोट्या काचेच्या बाटलीत येतात. ते स्वतः हाड होत नाहीत, इमारत बांधताना परांची उभी करतात तसे ते जागा धरून ठेवतात आणि त्यांच्या आधाराने तुमचं स्वतःचं हाड आत वाढतं.

हे दाणे कशाचे असतात हे आपल्याकडे विचारायलाच हवं, कारण काही घरांमध्ये हा श्रद्धेचा विषय असतो आणि नंतर कळलं तर माणसाला फार लागतं. बायो-ऑस नावाचं जे प्रसिद्ध ग्राफ्ट आहे ते गोवंशाच्या हाडापासून बनतं, त्यावर प्रक्रिया करून फक्त खनिज भाग ठेवलेला असतो. वर झाकायचा बायो-गाइड नावाचा कोलॅजेनचा पडदा डुकरापासून बनतो. माणसाच्या दान केलेल्या हाडाचं ग्राफ्टही मिळतं, मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करते, तिथे गॅमा किरणांनी निर्जंतुक करून देतात. आणि पूर्ण कृत्रिमही असतं, बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट वगैरे, त्यात प्राण्याचं काही नसतं. "मला प्राण्याचं चालणार नाही" असं सरळ सांगा, पर्याय निघतो. पण दाण्यांसोबत पडद्याचंही विचारा, नुसतं दाण्यांचं विचारून लोक थांबतात.

कोणतं चांगलं? गोवंशाचं ग्राफ्ट फार हळू विरघळतं म्हणून आकार छान टिकतो, माणसाच्या हाडाचं त्यापेक्षा लवकर बदलतं, कृत्रिममध्ये कंपनीप्रमाणे फरक पडतो. माझं मत विचाराल तर दाण्यांच्या प्रकारापेक्षा दात कसा काढला आणि जखम कशी झाकली याने जास्त फरक पडतो.

पीआरएफबद्दल हल्ली बरेच जण विचारतात. हातातून रक्त घेऊन मशीनमध्ये दहा-बारा मिनिटं फिरवतात, नळीच्या मध्ये पिवळसर जेलीसारखी गाठ तयार होते, ती खोबणीत ठेवतात. फ्रान्समध्ये २००१ च्या सुमारास ही पद्धत आली. स्वतःचंच रक्त, त्यामुळे अ‍ॅलर्जीचा प्रश्न नाही, आणि हिरडी लवकर भरते, दुखणं कमी राहतं. पण एकट्या पीआरएफवर हाडाची रुंदी टिकेल अशी अपेक्षा मी ठेवत नाही, ते आठवडा-दोन आठवड्यांत विरघळून जातं. दाण्यांमध्ये मिसळून वापरलं तर छान.

खर्च विचारताना दात काढणं, ग्राफ्ट, पडदा, स्कॅन आणि पुढचा इम्प्लांट-कॅप हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. खासगीत परवडत नसेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, नायर दंत महाविद्यालय, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. हिरडीच्या आणि ओरल सर्जरीच्या विभागात जाऊन चौकशी करा, वेळ जास्त लागतो आणि साहित्याचे पैसे भरावे लागू शकतात.

पायरी तिसरी: दात काढताना खुर्चीत काय होतं

इथे तुमच्या हातात फार काही नाही, पण काय व्हायला हवं ते माहीत असलेलं बरं. हाड वाचवायचं असेल तर दात ताकद लावून हलवून हलवून काढत नाहीत. पातळ पात्याचं हत्यार दात आणि हाडाच्या मधल्या फटीत हळूहळू सरकवतात, ते तंतू कापतात, मग दात सैल होतो. दाढ असेल तर ड्रिलने मुळं वेगळी कापून एकेक काढतात. हे बघून पेशंटला वाटतं की दात तुटला, डॉक्टरांना जमत नाहीये, तर तसं नसतं, मुद्दाम तसं करतात म्हणजे भिंतींवर जोर येत नाही. शक्य असेल तर हिरडी कापून मागे सारत नाहीत, कारण त्या पातळ भिंतीला उरलासुरला रक्तपुरवठा हिरडीकडूनच मिळत असतो.

दात निघाला की खोबण नीट खरवडून साफ करतात, पू झालेला लालसर मऊ भाग पूर्ण काढावा लागतो. मग बोथट टोकाच्या काडीने चारही भिंती तपासतात. चारही शाबूत असतील तर काम सोपं. बाहेरची भिंत गेली असेल तर आतून पडदा सरकवून ती भिंत नव्याने उभी करावी लागते, तिथे वेळ आणि खर्च वाढतो, आणि हे कधीकधी दात काढल्यावरच कळतं, त्यामुळे आधी "बहुतेक" म्हणालेले डॉक्टर नंतर प्लॅन बदलतात म्हणून रागवू नका. खूप पू असेल, सूज ताजी असेल तर त्या दिवशी नुसता दात काढून, साफ करून, सहा-आठ आठवड्यांनी पुढचं करतात. तेही योग्यच आहे.

पूर्वी दात काढल्यावर दोन्ही बाजूंनी बोटांनी खोबण घट्ट दाबायची पद्धत होती. इम्प्लांट करायचं असेल तर तसं जोरात दाबायचं नसतं, रुंदी तिथेच कमी होते.

मग दाणे सलाइनमध्ये किंवा तुमच्याच रक्तात भिजवून खोबणीत हलक्या हाताने भरतात, हिरडीच्या कडेपर्यंत नाही, हाडाच्या कडेपर्यंत. ठासून भरलं तर आत रक्तवाहिन्या वाढायला जागा राहत नाही. वर पडदा किंवा कोलॅजेनचा बूच, आणि त्यावर आडवातिडवा टाका घालतात. हिरडी ओढून पूर्ण शिवतातच असं नाही, वरून थोडं उघडं दिसलं तरी घाबरू नका. ग्राफ्टच्या आणि पडद्याच्या डब्यावर लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते तुमच्या फाइलमध्ये चिकटवून मागा.

पायरी चौथी: घरी आल्यावर

कापसाचा बोळा ४०-४५ मिनिटं घट्ट चावून धरायचा, सारखा काढून रक्त थांबलं का बघत बसायचं नाही. पहिले २४ तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. लाळेत थोडं रक्त दिसलं की लोक थुंकत राहतात आणि थुंकण्याच्या जोराने गुठळी निघते, मग परत रक्त येतं. लाळ गिळा, काही होत नाही. बाहेरून गालावर बर्फ, दहा मिनिटं लावून दहा मिनिटं विश्रांती. रात्री डोक्याखाली एक उशी जादा.

खाण्यात पहिले दोन दिवस गार किंवा कोमट आणि मऊ: गार ताक, नाचणीची आंबील, गुरगुट्या भात, वरण, दही. नंतर मुगाची पातळ खिचडी, उपमा. दोन आठवडे चिवडा, फरसाण, शेंगदाणे, कुस्करलेली भाकरी, तीळ, खसखस यातलं काही त्या बाजूला नको, बारीक कण जखमेत जाऊन बसतात.

दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने, खळखळ न करता, नुसतं तोंडात घेऊन मान वाकडी करून सोडून द्यायचं. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश दिलं असेल तर टूथपेस्टनंतर अर्धा तास जाऊ द्या, आणि सांगितलेत तेवढेच दिवस वापरा, जास्त दिवस वापरलं की दात पिवळे-तपकिरी दिसायला लागतात. बाकीचे दात नेहमीसारखे घासायचे, फक्त जखमेवर ब्रश नको. लवंगेचं तेल, हळद, तपकीर, दंतमंजन, यातलं काहीही जखमेवर लावायचं नाही, हे घरातल्या मोठ्या माणसांनाही आधीच सांगून ठेवा कारण प्रेमापोटी तेच आणून लावतात. वरची दाढ काढली असेल तर दोन आठवडे नाक जोरात शिंकरू नका, आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्या.

दोन-चार दाणे वाळूसारखे तोंडात लागले तर ते चालतं, थोडे वरचे सुटतातच. पण मूठ-मूठ येताहेत असं वाटलं, पू आला, ताप आला, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी अचानक वाढून कानापर्यंत गेलं, ओठ किंवा हनुवटी दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली, किंवा दाबूनही रक्त थांबत नाही, तर फोन करून वाट बघत बसू नका, सरळ जा. गिळायला किंवा श्वासाला त्रास होत असेल, सूज गळ्याकडे उतरली असेल तर मोठ्या हॉस्पिटलला, रात्र असली तरी.

टाके साधारण ७ ते १४ दिवसांत निघतात. पडदा न विरघळणारा, टेफ्लॉनचा असेल तर तो तीन-चार आठवड्यांनी ओढून काढतात, बऱ्याचदा इंजेक्शनही लागत नाही. पण काढायला जायचं विसरू नका.

मधल्या काळात पुढचा दात नाही म्हणून लग्नकार्यात कसं जायचं, हा प्रश्न अगदी खरा आहे. काढता-घालता येणारा एका दाताचा छोटा सेट मिळतो, पण त्याचा खालचा भाग जखमेला टेकता कामा नये, टेकला तर भरलेली जागा दाबून चपटी होते. शेजारच्या दातांना मागून चिकटवलेला तात्पुरता दात त्याहून सुरक्षित.

पायरी पाचवी: वाट बघणं, आणि मग मोजणं

साधारण चार ते सहा महिने. हिरडी महिन्याभरात छान गुलाबी दिसते आणि लोकांना वाटतं झालं, आता लावा, पण आत हाड कच्चंच असतं. या काळात शुगर सांभाळा, तंबाखू लांब ठेवा, उरलेल्या हिरड्यांची साफसफाई करून घ्या कारण हिरडीचा आजार तसाच ठेवून लावलेलं इम्प्लांट टिकत नाही. मग परत सीबीसीटी, आणि त्यावर रुंदी, उंची, खालच्या नसेपासूनचं अंतर (निदान २ मिलिमीटर मोकळं हवं) मोजून स्क्रूचा साईज ठरतो. स्क्रीनवर ही मापं दाखवायला सांगा, आधीच्या स्कॅनशेजारी ठेवून.

सगळ्यांनाच हे लागतं का?

नाही. अक्कलदाढ काढताय आणि तिथे काही बसवायचंच नाही, तर पैसे घालू नका. चारही भिंती जाड आणि शाबूत, पू नाही, तर त्याच दिवशी इम्प्लांट बसवून बाजूच्या फटीत दाणे भरता येतात, किंवा हिरडी भरल्यावर सहा-आठ आठवड्यांत बसवता येतं, मग वेगळी खोबण भरायची गरज बऱ्याचदा राहत नाही. जाड भिंतींची खालची दाढ असेल तरी कधीकधी नुसतं थांबून भागतं. माझ्या मते हमखास विचार करावा तो वरच्या पुढच्या दातांचा, सायनसखालच्या वरच्या दाढांचा, आणि ज्यांना लगेच इम्प्लांट करणं जमणार नाही, म्हणजे पैशांची सोय व्हायचीय, बाळंतपण आहे, परदेशी जायचंय, अशांचा.

आणि ज्यांचा दात आधीच निघून गेलाय त्यांनी हताश होऊ नका. महिना-दीड महिनाच झाला असेल तर आजच स्कॅन काढून दाखवा, अजून बरंच हाड असतं. वर्षं झाली असतील तर हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून हाड घेऊन लावणं, हाडाची कड फाकवून मध्ये जागा करणं, वर सायनसचा पडदा उचलणं, कमी जाडीचा स्क्रू, असे मार्ग आहेत. आणि कुठे इम्प्लांटपेक्षा ब्रिज किंवा चांगली कवळीच जास्त सोयीची ठरते, ७५ वर्षांच्या आजोबांना दोन ऑपरेशनं आणि वर्षभराच्या फेऱ्या झेपणार आहेत का, हे त्यांनाच विचारून ठरवा.